एनएसके पाना मॅक्स एअरोटर: खानापूरच्या पावसात वापरल्यावर लिहितोय

एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या हवेवर फिरणाऱ्या हँडपीसचा, रिव्ह्यू बहुतेक जण पीस हातात पडला की लगेच टाकतात, तेव्हा काय ओ, सगळेच गोड चालतात. खरं काय ते पावसाळा गेल्यावर कळतं, आणि तो पण आमच्या बेळगावजवळच्या खानापूरचा, जांबोटी कणकुंबीकडनं एकदा लागला की थांबायचं नाव नाही, कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते. एअरोटरला हवा देणारा कॉम्प्रेसर तीच हवा ओढतो, दाबली की त्यातलं पाणी टाकीत उतरतं आणि लाईनमधनं सरळ हँडपीसच्या बेअरिंगवर जातं. स्वस्तातले पुश बटन (बटन दाबून बर बदलायचे) पीस आमच्याकडं ह्यानंच मरतात, आधी घर्र आवाज, मग बर (पुढची कापणारी सुई) थरथरतो, मग कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) बदला.

पाना मॅक्सचं पहिलं चांगलं म्हणजे आवाज. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतो, त्यामुळं शिट्टी असणारच, पण ह्याची एकसारखी आहे, किंचाळत नाही. नंदगडच्या एक आजी कायम खुर्चीचा हात घट्ट धरून बसायच्या, त्या परवा म्हणाल्या, "ह्याचा आवाज कमी हाय की ओ डॉक्टर, दुसरं मशीन घेटलासा काय?" मला तेवढं सर्टिफिकेट पुरे.

दुसरं चक. एफजी, म्हणजे एअरोटरला लागणाऱ्या, बरचा दांडा 1.6 मिलिमीटर, तो धरणारी पकड सैल पडली तर बर डुलतो, क्राऊन प्रेपरेशनची (कॅपसाठी दात घासतो त्याची) मार्जिन, म्हणजे कड, खडबडीत येते आणि नशीब वाईट असेल तर बर पेशंटच्या तोंडात सुटतो. इथं पकड अजून नव्यासारखी आहे. फक्त फिरत असताना गालाला बटन घासू देऊ नका, मागच्या दाढेवर जागा कमी असते तिथं हे होतं, हेड गरम होतं आणि गाल भाजतो, हे कुठल्याही पुश बटनला लागू.

क्लीन हेड सिस्टीम म्हणून जे आहे ते नुसतं जाहिरातीचं नाही. पेडलवरनं पाय काढला की टर्बाइन (हेडमधलं हवेवर फिरणारं चक्र) थांबता थांबता उलटं ओढतो, लाळ रक्त सगळं आत, ते अडवायला ही रचना आहे. पण म्हणून ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन) टाळायचा नाही हां. दोन पेशंटच्या मध्ये नुसतं स्पिरिटचं बोळं फिरवणारे अजून आहेत आपल्यात, नावं घेत नाही. आणि हँडपीस ग्लुटारल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रावणात) बुडवायचा तर अजिबातच नाही. माझ्याकडं क्रम असा: पुसायचा, मागनं तेल मारायचं, थोडा फिरवून जादाचं तेल बाहेर काढायचं, मग पाऊचमध्ये घालून 134 डिग्रीला. लाईट गेली आणि सायकल अर्धी राहिली तर ती परत पहिल्यापासनं, आमच्याकडं पावसात हे नेहमीचंच, म्हणून एका पीसवर क्लिनिक चालत नाही, निदान तीन पाहिजेत. इथंच खिसा दुखतो, कारण चायना पीसच्या तिप्पट-चौपट पैसे एकाला जातात.

तरी सगळं श्रेय पीसला देऊन चालणार नाही. रोज रात्री क्लिनिक बंद करताना कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, पावसाळ्यात दुपारी पण एकदा. असिस्टंटला सांगून उपयोग नाही, स्वतः वाकून बघायचं, जुलैत एवढं पाणी येतं की विश्वास बसत नाही. चेअरच्या आधी फिल्टर रेग्युलेटर (हवेतलं पाणी अडवून दाब ठरवणारा), आणि प्रेशर 32 ते 35 पीएसआयच्या आसपास. स्पीड पाहिजे म्हणून काही जण चाळीसच्या वर ठेवतात, मग बेअरिंग गेलं की कंपनीला शिव्या.

न आवडलेलं पण सांगतो. पाण्याचं भोक बारीक आहे, बोअरचं पाणी वापरलात तर क्षार बसून फवारा वाकडा येतो, फवारा नाही म्हणजे दात तापतो, पल्पची (दातातल्या नसेची) वाट. चेअरच्या बाटलीत आरओचं पाणी घालतोय तेव्हापासनं त्रास नाही. झिर्कोनिया किंवा जुना मेटलचा क्राऊन कापताना जोर दिला की हा पण दमतो, तिथं हलका हात आणि नवीन बर पाहिजे. हेड मोठं आहे, लहान पोरांच्या मागच्या दाढांना मिनी हेडवालाच घ्या.

केएलई किंवा मराठा मंडळ ह्या बेळगावच्या डेंटल कॉलेजांमधनं नुकतं बाहेर पडून गावाकडं क्लिनिक टाकणाऱ्यांनी क्लिनिकच्या सोफ्यावर, सनमायक्यावर थोडं कमी घालावं आणि तीन नाही जमले तर हे दोन पीस तरी घ्यावेत असं माझं मत. बिल आणि सिरीयल नंबर असल्याशिवाय घेऊ नका, डुप्लिकेट हुबेहूब येतात, फार स्वस्त मिळालं तर तिथंच शंका घ्या. बेळगावात मिळतो, कोल्हापूरला पण. आणि ऑर्डर द्यायच्या आधी चेअरची ट्यूब (हँडपीस जोडायची नळी) दोन होलची का चार होलची ते बघून सांगा, नाहीतर पीस टेबलावर आणि कपलिंगची (जोडणीच्या तुकड्याची) वाट बघत तुम्ही.