टॉर्चसाठी सुटा १८६५० सेल: संरक्षित, असंरक्षित की साधा एए?

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे आतल्या सेलकडे कुणी वेगळं लक्ष देत नाही. जुन्या झिंकच्या सेलने हे चालवूनही घेतलं. उलटा घातला, वर्षभर तसाच विसरला, तरी फार तर पाझरून स्प्रिंग खायचा. लिथियम-आयन सेल चूक अशी पोटात घालत नाही. हेडलॅम्पच्या खोक्यावर ‘१८६५० सेल वेगळा घ्यावा’ असं वाचून दुकानात गेलं, की समोर गुलाबी, हिरवे, तपकिरी सारखेच दिसणारे सेल ठेवले जातात आणि बहुतेक जण सर्वांत मोठा एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचा) आकडा बघून उचलतात. घोटाळा तिथेच होतो.

१८६५० हे नाव म्हणजे माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६, आणि ३ व्होल्टच्या खाली शक्यतो नेऊ नये. सह्याद्रीतल्या रात्रीच्या चढाईसाठी टॉर्च किंवा हेडलॅम्प घेणाऱ्यापुढे खरं तर तीनच पर्याय उरतात: संरक्षक सर्किट लावलेला १८६५०, तसं सर्किट नसलेला १८६५०, किंवा पुन्हा चार्ज होणारे एए, म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या मापाचे.

| | संरक्षित १८६५० | असंरक्षित, जास्त अँपिअरचा १८६५० | एए निकेल-मेटल-हायड्राइड, ३ नग |
|---|---|---|---|
| नमुन्याची क्षमता | ३५०० एमएएच | ३००० एमएएच | प्रत्येकी २००० एमएएच |
| ऊर्जा | सुमारे १२.६ वॅट-तास | सुमारे १०.८ वॅट-तास | सुमारे ७.२ वॅट-तास |
| वजन | ५० ग्रॅमच्या आसपास | ४५ ते ४८ ग्रॅम | ८० ग्रॅमच्या आसपास |
| लांबी | ६८ ते ७० मिमी | ६५ मिमी | ५० मिमी |
| आरामात किती अँपिअर | सर्किटवर अवलंबून, बहुधा ६ ते १० | १५ आणि पुढे | २ ते ३ |
| शॉर्ट झाला तर | सर्किट पुरवठा तोडतं | अडवणारं काही नाही | तापतो, चटका देतो. भडका सहसा नाही |

आधी टॉर्चला किती करंट लागतो ते काढावं, सेल नंतर. ढोबळ हिशेब सोपा आहे. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) देतो. म्हणजे १००० ल्युमेनला १० वॅट, आणि ३.६ व्होल्टवर ते जवळजवळ ३ अँपिअर. कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईला हेडलॅम्प ३०० ल्युमेनवर ठेवला तरी पुरतो. तिथे १ अँपिअरही लागत नाही. ३००० एमएएचचा सेल तीन तास सहज काढतो, प्रकाश निम्म्यावर आणला तर जवळजवळ रात्रभर. अशा वापराला १५ किंवा ३० अँपिअरचा सेल घेणं म्हणजे घरच्या पंख्यासाठी पिठाच्या गिरणीची लाइन ओढण्यासारखं.

उलट, चार एलईडीचा ‘४००० ल्युमेन’वाला आखूड टॉर्च टर्बोवर, म्हणजे सर्वांत प्रखर प्रकाशावर, एकाच सेलमधून १० ते १५ अँपिअर ओढतो. इथे कमी अँपिअरचा सेल घातला तर काय होतं? चांगल्या जास्त-अँपिअर सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला, तर १० अँपिअरला आतल्या आत ०.२ व्होल्ट पडतात आणि २ वॅट उष्णता सेलमध्येच तयार होते. थकलेल्या किंवा मुळात सौम्य कामासाठी बनवलेल्या सेलचा रोध ६० मिलिओहम असेल, तर ०.६ व्होल्ट पडतात आणि ६ वॅट उष्णता अंगठ्याएवढ्या डब्यात कोंडते. टॉर्च लुकलुकतो, टर्बो दोन सेकंदांत खाली येतो आणि नळी हाताला भाजते. दोष टॉर्चला दिला जातो.

क्षमता आणि करंट यांची आतून ओढाताण असते. डब्याची जागा तेवढीच. सक्रिय पदार्थाचा थर जाड केला की एमएएच वाढतात, पण करंट द्यायची ताकद घटते. म्हणून पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० एमएएच देतो पण करंटला बेताचा, आणि सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचच असूनही २० अँपिअर देतो. मधल्या जागेत सॅमसंग ३०क्यू (३००० एमएएच, १५ अँपिअर) आणि एलजी एचजी२ (३०००, २० अँपिअर) बसतात. सोनीचा व्हीटीसी६ही याच पंगतीतला. सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ साली मुराताकडे गेल्यामुळे आता तो मुराताच्या नावाने येतो. ज्यांना खरोखर दणकट करंट लागतो त्यांच्यासाठी तैवानच्या मोलिसेलचा पी२८ए आहे, २८०० एमएएचचा. आणि एनसीआर१८६५०जीए, सुमारे ३५०० एमएएच आणि १० अँपिअर, हा आमच्या मते पदभ्रमणाच्या टॉर्चसाठी सर्वांत शहाणा मूळ सेल (म्हणजे कारखान्यातून येतो तसा, सर्किट न लावलेला). बाजारातले बरेच चांगले संरक्षित सेल आतून याच धाटणीचे असतात.

आता संरक्षित म्हणजे काय, ते जवळून पाहू. सेलच्या ऋण टोकाला नाण्याएवढी एक छोटी सर्किटची चकती लावलेली असते. धन टोकापासून एक पातळ धातूची पट्टी सेलच्या अंगावरून खाली त्या चकतीपर्यंत येते, आणि या सगळ्यावर आणखी एक वेष्टन. बोट फिरवलं तर पट्टीचा उंचवटा जाणवतो. व्होल्टेज २.५च्या आसपास उतरला, चार्जिंगमध्ये ४.२च्या बराच वर गेला, किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, की चकती पुरवठा तोडते. त्यामुळेच लांबी ३ ते ५ मिलिमीटर वाढते, आणि काही टॉर्चमध्ये हा सेल बसतच नाही. दाबून झाकण फिरवू नये. स्प्रिंग चकतीला चेपते आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच संरक्षण मोडतं. घेण्यापूर्वी टॉर्चच्या माहितीपत्रकात सेलची कमाल लांबी बघावी, आणि धन टोक सपाट चालतं की बोंडवालं लागतं तेही.

असंरक्षित सेल वाईट नव्हे, पण त्याला टॉर्चकडून शिस्त लागते. चांगल्या टॉर्चचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं आतलं सर्किट) ३ व्होल्टच्या आसपास प्रकाश उतरवतो आणि मग बंद करतो. स्वस्त टॉर्चमध्ये हे नसतं. तो सेलला २ व्होल्टच्या खालीही पिळत राहतो. इतका उतरलेला सेल आतून बिघडतो: ऋण बाजूचं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी साठून आतच शॉर्ट होऊ शकतो. म्हणून २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल ‘जागा’ करत बसू नये. काही चार्जरवर त्यासाठी खास बटण असतं. ते न दाबलेलंच बरं.

टॉर्चमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी जण बघतात. पावसाळ्यासाठी आपण रबरी रिंगवाला, पाणी न शिरणारा टॉर्च शोधतो. जो पाणी आत येऊ देत नाही, तो वायूही बाहेर जाऊ देत नाही. सेल बिथरून आतला वायू सुटला, तर ती ॲल्युमिनियमची बंद नळी दाब साठवते. दोन सेल एकापुढे एक घालायच्या टॉर्चमध्ये हा धोका जास्त, कारण एक सेल आधी रिकामा झाला की दुसरा त्याला उलट दिशेने चार्ज करू लागतो. अशा टॉर्चमध्ये संरक्षित सेलच घालावेत, तेही एकाच दिवशी घेतलेल्या एकाच जातीच्या जोडीचे. मार्करने ‘अ१, अ२’ लिहून ठेवावं आणि घालण्यापूर्वी मल्टिमीटरवर दोन्ही बघावेत, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही पुन्हा पूर्ण चार्ज करावेत. आम्ही विचाराल तर एका सेलचाच टॉर्च घ्या.

सुट्या १८६५०ची ही सगळी शिस्त जगाला खरी शिकवली ती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरणाऱ्यांच्या भाजलेल्या मांड्यांनी. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे. पण परदेशात सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवल्याने झालेले अपघात इतके वाढले, की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ किंवा वापरू नका असाच इशारा दिला. त्यामागचं कारण टॉर्चलाही तंतोतंत लागू पडतं. सेलचं पूर्ण अंग ऋण असतं, अगदी वरच्या कडेपर्यंत; धन टोक आणि ती कडा यांच्यात केवळ कागदी रिंग आणि वेष्टनाची घडी. किल्ली, नाणं किंवा कॅराबिनर (गिर्यारोहणाची धातूची कडी) तिथे टेकला की काम झालं. मूळ सेल हे पॅकमध्ये सर्किटसह बसवण्यासाठी बनतात, सुटे हाताळण्यासाठी नाहीत. म्हणून फेनिक्स, नाइटकोर अशा टॉर्च कंपन्या मूळ सेलवर सर्किट बसवून विकतात, त्याला अर्थ आहे.

वेष्टन वरच्या कडेला फाटलं असेल तर सेल वापरू नये. नव्याने गुंडाळता येतं: २९.५ मिलिमीटर सपाट रुंदीची, उष्णतेने आकसणारी पीव्हीसी नळी आणि नवी कागदी रिंग लागते. रिंग विसरून फक्त नळी चढवलेला सेल दिसायला कोरा, पण मुळात नागडाच. सेलोटेप हा उपाय नव्हे.

नकली माल ओळखायला एमएएचचा आकडा पुरतो. १८६५०वर ९९०० छापलेलं असेल तर ते थापच आहे. एवढं त्या डब्यात मावत नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या खऱ्या सेलची धाव ३५०० ते ३६०० पर्यंत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, ३० ग्रॅम भरला तर आत पोकळी आहे. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन घातलेले सेल मात्र वजनात पास होतात. ते पकडायचे तर पूर्ण चार्ज करून २४ तास बाजूला ठेवा; ४.१ व्होल्टच्या खाली उतरला तर टाकाऊ. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, बिल घ्यावं. भारतीय मानक आयएस १६०४६ भाग २ चा नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहावं.

मग एए कुणी घ्यावा? शाळेच्या सहलीला मुलांच्या हातात द्यायचा टॉर्च, गावच्या घरी महिनोन्‌महिने पडून राहणारा टॉर्च, किंवा सेल कुठेही टाकून देण्याची सवय असलेलं कुटुंब. तिथे पडून राहिला तरी चार्ज फारसा न गमावणारा निकेल-मेटल-हायड्राइड एएच बरा. ऊर्जा कमी, वजन जास्त, पण चुकीची शिक्षा सौम्य. अडीनडीला कोपऱ्यावरच्या दुकानातले अल्कलाइन सेलही चालतात. एक सावधगिरी: १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल हुबेहूब एएच्या मापाचा असतो, पण व्होल्टेज तिप्पट. भिंतीवरच्या घड्याळात किंवा तीन सेलच्या हेडलॅम्पमध्ये तो एएच्या जोडीला गेला, की उपकरण तरी जातं किंवा सेल तरी. असा सेल घरात आणूच नये.

चार्जिंगला ३००० एमएएचच्या सेलला १ ते १.५ अँपिअर पुरे. गादीवर नको, फरशीवर. रात्री झोपताना नको. हिमालयात जाणाऱ्यांनी गारठलेला सेल शून्याखाली चार्ज करू नये, आधी खोलीच्या तापमानाला आणावा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवू नये. पावसाळा संपल्यावर सेल बाहेर काढून ३.६ ते ३.८ व्होल्टवर, प्लास्टिकच्या सेल-डबीत ठेवावा. विमानात सुटे सेल केबिनच्या बॅगेतच न्यायचे, दोन्ही टोकं झाकून. चेक-इन सामानात नाहीत. बाद झालेल्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलनात द्यायचा, कारण ओल्या-सुक्या कचऱ्यात गेला तर घंटागाडीच्या दाबयंत्रात तो चिरडला जातो आणि आग गाडीतच लागते.