पाडव्याला घेतलेली गाडी आणि जूनमधला गाळाचा वास

मी कऱ्हाडला राहते आणि पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला आणि माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. वडापच्या जीपमध्ये दरवाजाला चिकटून बसायचं, फाट्यावर उतरायचं, पुढे दुधाची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर चालायचं. असे पाच महिने काढले. घरात मी आणि आई, दोघीच. आईचे गुडघे गेलेले. तिला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी रिक्षावाल्याची मनधरणी. शेवटी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि जुनी का होईना, गाडी घ्यायची ठरवली.

हायवेलगत एक जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तिथे एक पांढरी छोटी पेट्रोल गाडी उभी होती. २०१७ चं मॉडेल, एमएच ०८ पासिंग, मीटरवर ३१,००० किलोमीटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चिपळूणची गाडी आहे. सिंगल ओनर. वयस्कर माणूस, देवळात आणि बाजारात, एवढीच फिरलीय." किंमत ३ लाख ३५ हजार. ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला, ऑइलची काडी काढून बघितली आणि मान हलवली. आम्ही दोघांनीही गाडी फक्त बॉनेटपुरती बघितली. बसायच्या जागेकडे, पायाखाली, सीटखाली कुणी वाकून पाहिलं नाही.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दुकानातच नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आईने स्टिअरिंगला हळदीकुंकू लावलं. तिथून थेट पालीच्या खंडोबाला गेलो. आई आयुष्यात पहिल्यांदा घरच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव मला सांगत होती, जणू मला ती गावं माहीतच नव्हती. शाळेत पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा पोरं उतारावरून पळत आली आणि गाडीला हात लावून बघायला लागली. दर रविवारी मी स्वतः गाडी धुवायचे. दोन महिने मी खरंच फार आनंदात होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे पैसे गेले त्याहून जास्त हे दोन महिने हिरावले गेल्याचं मला लागलं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि गाडीत वास यायला लागला. आधी वाटलं, डबा सांडला असेल. मग वाटलं, छत्री ओली राहिली. पण तो वास अन्नाचा नव्हता आणि कापडाचाही नव्हता. विहिरीचा गाळ उपसून काठावर टाकतात, त्याला जसा वास येतो तसा तो होता. त्यापाठोपाठ एकेक सुरू झालं. हेडलाइटच्या काचेत आतून दव. मागची डावी काच बटणाने खाली गेली ती वर येईना. एअरबॅगचा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. एकदा वर्ग चालू असताना बाहेर उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. मिस्त्रींनी ४,२०० रुपयांची नवी बॅटरी टाकली, मग अल्टरनेटर काढून दुरुस्त केला. दर वेळी चार दिवस बरे जायचे.

जुलैच्या एका संध्याकाळी आईला साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवून येत होते. मुसळधार पाऊस, आणि उंब्रजच्या अलीकडे गाडी एका क्षणात बंद. दिवे नाहीत, हॉर्न नाही, पार्किंग लाइटसुद्धा नाही. हायवेवर शेजारून ट्रक पाणी उडवत जात होते आणि आमची पांढरी गाडी अंधारात उभी होती. मागून कुणी ठोकलं असतं तर? मी आईला उतरवून कडेच्या मातीत उभं केलं. पाऊण तास ती माझा हात धरून भिजत उभी होती. त्या पाऊण तासासाठी मी त्या दुकानदाराला कधीच माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून एका वायरमनकडे नेली. पंचविशीतला पोरगा. त्याने बाकी काही न बघता ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा काळाभोर, नवा वाटावा असा. पण जो भाग एरवी खांबाच्या आतच गुंडाळलेला असतो, त्यावर आडवी तपकिरी रेघ होती. त्याने बोटाने खरवडलं तशी माती सुटली. मग सीट काढल्या. रुळांचे बोल्ट गंजलेले. खालचा गालिचा उचलला तर त्याच्या फोममध्ये वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ. वायरिंगचे जोड हिरवे पडलेले. तो म्हणाला, "मॅडम, ही गाडी पुरात बुडालेली आहे. नुसतं चाकापर्यंत नाही, पार वरपर्यंत."

चिपळूण. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. गाडी चिपळूणची आहे हे दुकानदाराने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि मधे नऊ महिनेसुद्धा गेले नव्हते. तरी माझ्या डोक्यात ही शंका आली नाही.

मग मी माग काढायला लागले. त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढून दाखवली. फेब्रुवारी २०२१ ला सर्व्हिसिंग, तेव्हा मीटर ६८,४००. त्यानंतर ऑगस्टमध्ये गाडी ओढून आणल्याची नोंद, कारण पुराचं पाणी, आणि दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा किमतीच्या आसपास. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. लिलावात घेणाऱ्याने तो भंगार म्हणून मोडला तर काहीच बिघडत नाही. माझ्या गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, मात्र रद्द झालंच नव्हतं. त्यामुळे कुणीतरी इंजिन उघडून साफ केलं, सीटकव्हर नवी घातली, मीटर निम्म्याच्याही खाली आणलं आणि कुंभार्ली घाट चढवून गाडी कऱ्हाडात उभी केली.

आमच्या एका शिक्षिकेचं माहेर चिपळूणचं. तिच्याकरवी जुन्या आरसीवरच्या मालकांचा फोन मिळाला. ते खूप भले गृहस्थ निघाले. म्हणाले, "ताई, ती गाडी अजून चालते? अहो, आम्ही माडीवरून तिचं टप बुडताना बघितलं." विम्याचे पैसे मिळाल्यावर कंपनीने मागितलेल्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या होत्या. पुढे गाडी कुठे गेली त्यांना माहीत नव्हतं. दुकानदाराने ती स्वतःच्या नावावर करून घेतलीच नाही, त्यांच्या सह्यांवर थेट माझ्या नावावर चढवली. म्हणून कागदावर 'सिंगल ओनर' खरं.

आता विम्याचं. हे नीट वाचा, कारण इथे बहुतेक जण फसतील. गाडी घेताना मी जुनी पॉलिसी मागितली होती. दुकानदार म्हणाला, "जुनी कशाला मॅडम, नवी कोरी फुल पॉलिसी काढून देतो," आणि त्याचे १४,००० रुपये वेगळे घेतले. मला ते सौजन्य वाटलं. खरं कारण असं की टोटल लॉसचे पैसे दिल्यावर जुनी पॉलिसी तिथेच संपते. त्याच्याकडे दाखवायला पॉलिसीच नव्हती. आणि मला दिलेली 'फुल' पॉलिसी मी जुलैत पहिल्यांदा शब्दन्‌शब्द वाचली तेव्हा कळलं की ती नुसती थर्ड पार्टी आहे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच भरून देणारी. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मध्ये तुटला असेल तर कंपनी गाडीची तपासणी करते. ती त्याला नको होती. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता तेव्हा २,०७२ रुपये होता. जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा धरला तरी तीन हजारांच्या आत. म्हणजे तिथेही अकरा हजार खाल्ले.

मीटरचंही तसंच. ३१,००० फिरलेल्या गाडीला चारही टायर कोरे कशाला हवेत? ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं, ते मी रोज पायाखाली दाबत होते. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवला असता तरी गाळ हाताला लागला असता. सीटबेल्ट ओढायला तर दहा सेकंद लागतात. चारही ओढा, शेवटपर्यंत. सर्व्हिसची नोंद पैसे देण्याआधी काढा, विकणारा "नको, बाहेर सर्व्हिसिंग केलंय" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. आणि जमलं तर जुनी गाडी ऐन उन्हाळ्यात घेऊ नका. दोन-तीन पाऊस पडून जाऊ द्या, काचा बंद करून गाडीत पंधरा मिनिटं बसा. एप्रिलच्या उन्हात लपलेलं सगळं जूनमध्ये वर येतं.

दुकानदाराकडे गेले तेव्हा त्याने माझीच सही असलेला कागद पुढे केला. 'गाडी आहे त्या स्थितीत पाहून, ट्रायल घेऊन घेतली आहे.' मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग वकिलामार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सर्व्हिसची छापील नोंद आणि पॉलिसी या दोन कागदांनी काम केलं. तारखा पडायला लागल्यावर तो तडजोडीला आला.

त्याने दोन पर्याय दिले. गाडी परत दिली तर १ लाख ८० हजार. गाडी ठेवून घेतली तर १ लाख १० हजार. वकील म्हणाले, पहिलं घ्या. शाळेतले सगळे तेच म्हणाले. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याला गाडी कशाला हवीय?"

मी १ लाख १० हजार घेतले. आरटीओत आरसी रद्द करायचा अर्ज दिला आणि गाडी भंगारात तोडायला लावली. तिचे २८ हजार आले. पतसंस्थेचा हप्ता अजून पगारातून कापला जातो. भंगारवाल्याने ग्राइंडर लावला तेव्हा मी समोर उभी राहिले. चॅसी नंबरचा पत्रा कापून त्याने माझ्या हातात दिला. तो गरम होता, रुमालात धरून मी आरटीओत नेऊन जमा केला.