केज की ऑडिट?

नागपूरच्या इतवारीतल्या गर्दीच्या ओपीडीत दारूचा त्रास ओळखायची 'केज' ही प्रश्नावली पटकन उरकते: चारच प्रश्न, हो किंवा नाही. दोन 'हो' आले की सावध व्हायचं. पण किती पिता, हे त्यात विचारतच नाहीत. "डॉक्टरसाहेब, फक्त शनिवारी, सावजी मटणासंगं एकच क्वार्टर," म्हणणारे काका सहज निसटतात. केजमध्ये विचारतात तसं त्यांना ना सकाळी उठून दारू लागते, ना अपराधी वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही तशीच प्रश्नावली, पण दहा प्रश्नांची. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण म्हणजे धोका. तिसरा प्रश्न: एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग कितीदा? क्वार्टर म्हणजे 180 मिली, 30 मिलीचे बरोबर सहा पेग. काका इथे अडकतात. घाई असेल तर ऑडिटचे पहिले तीनच विचारा. मला तरी केजपेक्षा तेच बरे वाटतात.