हर्पीस प्रतिपिंड पॅनेल: दोन अहवाल आणि एकच ‘पॉझिटिव्ह’

हर्पीस कुळातील पाच विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे (संसर्गाशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) एकाच रक्तनमुन्यात तपासून देणारे पॅनेल मी आणि माझ्या एका मित्राने एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत करून घेतले. मित्राला बारा वर्षांपासून एचआयव्हीचा संसर्ग आहे, पण त्याची औषधे नियमित चालू असून विषाणूभार तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. मला तो संसर्ग नाही. हे लिहिण्यास त्याची संमती आहे. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका होता आणि अहवाल सांगितलेल्या वेळी मिळाले. माझा आक्षेप आहे तो अहवालाच्या मांडणीला.

दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा वरचे नाव झाकल्यास कोणता कोणाचा हे आम्हालाही ओळखता आले नसते. हर्पीस सिम्प्लेक्सचे प्रकार १ व २, कांजिण्या आणि नागीण यांना कारणीभूत असलेला व्हॅरिसेला झोस्टर, एपस्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो या पाचही विषाणूंपुढे दोघांच्या कागदावर तांबड्या, ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापलेले होते. ही अक्षरे वाचून पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे, परंतु यांपैकी चार ओळींमध्ये तांबडी शाई वापरण्यासारखे काहीही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांना सिम्प्लेक्स प्रकार १ चा संसर्ग झालेला आहे. एपस्टाइन-बारची प्रतिपिंडे ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांमध्ये सापडतात आणि सायटोमेगॅलोचे जागतिक प्रमाणही ८० टक्क्यांच्या पुढे आहे. हे विषाणू एकदा शरीरात शिरले की सुप्तावस्थेत जन्मभर मुक्काम करतात, त्यामुळे आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या, प्रतिपिंडांवरून ‘कधीतरी गाठ पडली होती’ एवढेच कळते. ती गाठ केव्हा पडली किंवा विषाणू आज जागा आहे की झोपलेला, हे त्यातून कळत नाही.

निरोगी आणि एचआयव्हीबाधित व्यक्तींमधील फरक दाखवण्यात हे पॅनेल तोकडे पडते तेही याच कारणाने. जो विषाणू जवळपास सर्वांमध्येच आहे, त्याचे प्रमाण एचआयव्हीबाधितांमध्ये आणखी वाढणार तरी किती? फरक पडतो तो विषाणूच्या हालचालीत. प्रतिकारशक्ती खालावली की एपस्टाइन-बारचे डीएनए लाळेत आणि रक्तात अधिक प्रमाणात सापडू लागते. सीडी४ पेशींची (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशींची) संख्या रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली गेल्यास सायटोमेगॅलो डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करून दृष्टी हिरावू शकतो. एकत्रित एचआयव्ही उपचार १९९६ च्या सुमारास रूढ झाल्यापासून हा नेत्रविकार खूपच कमी झाला, पण म्हणून सायटोमेगॅलोची प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण घटले असे नाही. विषाणूची हालचाल मोजायची तर त्याचे डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी लागते, आणि ती या पॅनेलमध्ये नाही.

सिम्प्लेक्स प्रकार २ ची गोष्ट मात्र निराळी. जगात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १३ टक्के लोकांना तो आहे, तर एचआयव्हीबाधितांच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले आहे. या दोन्ही विषाणूंचा शिरकाव मुख्यतः लैंगिक मार्गाने होतो आणि प्रकार २ चा संसर्ग असल्यास एचआयव्ही जडण्याचा धोका जवळपास तिप्पट होतो. म्हणजे काही अर्थ काढता येईल अशी ओळ हीच होती, आणि अहवाल नेमका तिथेच घसरला. माझा निर्देशांक (चाचणीत प्रतिपिंडांचा प्रतिसाद किती आला, ते सांगणारा आकडा) १.६ होता, मित्राचा ५.८. प्रयोगशाळेची सीमारेषा १.१ असल्यामुळे दोघांवर सारखाच शिक्का बसला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ३.० च्या खालील निकालाची दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करणे आवश्यक असते, कारण या पट्ट्यात खोटे पॉझिटिव्ह बरेच येतात. अहवालात याचा उल्लेख नव्हता, आणि खिडकीवर विचारले तेव्हा ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले. मी दुसरीकडे वेगळ्या पद्धतीने चाचणी केली. ती निगेटिव्ह आली. मधले दहा दिवस घरात कसे गेले, ते इथे लिहीत नाही.

सिम्प्लेक्ससाठी आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणीही पॅनेलमध्ये घातली आहे, ती काढून टाकावी. ती दोन्ही प्रकारांत भेद करू शकत नाही आणि जुना संसर्ग उफाळला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते.

याउलट, ज्याचे प्रमाण दोन्ही गटांत खरोखर वेगळे असते, तो मानवी हर्पीस विषाणू ८ यात नाहीच. कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या गाठींत १९९४ मध्ये सापडलेला हा विषाणू अनेक प्रदेशांत सर्वसाधारण लोकांमध्ये विरळ असतो, पण एचआयव्हीबाधित समलैंगिक पुरुषांमध्ये पुष्कळ अधिक आढळतो. अर्थात त्याची चाचणी नित्याच्या तपासणीत सहसा करत नाहीत, त्यामुळे ही उणीव मी प्रयोगशाळेच्या माथी मारणार नाही. मित्राच्या डॉक्टरांनी तर त्याचा अख्खा अहवाल अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवला, फोड किंवा व्रण वारंवार येतात का एवढे विचारले, आणि नागिणीच्या लशीचे दोन डोस झाले आहेत का, हे त्याच्या फायलीत पाहू लागले.