बारा वर्षांची रम आणि मुंग्यांची रांग

फेणीच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता आणि तो अजूनही आहे. सगळा जन्म म्हापशात गेला. बाटली हलवल्यावर वर येणारे मणी किती वेळ टिकतात, त्यावरून ग्राव, म्हणजे फेणीची तीव्रता, सांगणारी माणसं आमच्या घरात होती. हुर्राक (काजूच्या रसाची पहिली, हलकी दारू) कुठली आणि फेणी कुठली, हे मी डोळे मिटून सांगेन. गेल्या शिगम्याच्या दिवसांत मी फसलो तो रममध्ये. साडेतेरा हजार रुपयांना.

निमित्त मेव्हण्याच्या पन्नाशीचं. तो कोल्हापूरचा. फोनवर म्हणाला, "दाजी, फेणी नको. मागच्या वेळी त्या वासावरून आई दोन दिवस बोलत नव्हती. चांगली गोल्ड रम बघून ठेवा." रममधलं मला काही कळत नाही, हे तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण गोव्यात राहून दारूतलं कळत नाही असं कोल्हापूरच्या मेव्हण्याला सांगायचं कसं?

ओळखीच्या एकाने हणजूणच्या बाजूच्या एका माणसाचं नाव सुचवलं. भाड्याच्या घराची मागची खोली, कोपऱ्यात उभं केलेलं एक लाकडी पिंप, टेबलावर लाल मेणाने तोंड बंद केलेल्या बाटल्या. माणूस गोड बोलणारा. रम भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखी स्वच्छ असते, सोनेरी रंग ओकच्या पिंपात मुरल्यावर येतो, असं त्याने सांगितलं. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी नवं जाळलेलं पिंप वापरावं लागतं, म्हणून तिथली जुनी पिंपं जगभर रमवाल्यांकडे जातात, हेही सांगितलं. हे सगळं खरं आहे. मी नंतर तपासलं. त्याने खोटं एकच सांगितलं: आपल्याकडची रम अशाच पिंपात, इथेच, बारा वर्षं मुरलेली आहे.

चव बघायला दिली, पण त्याआधी रॉस ऑम्लेट खायला घातलं. शाकुतीचा तिखट रस्सा, वर हिरवी मिरची. जीभ भाजलेली असताना कागदी कपातून आलेला घोट मला अमृतासारखा लागला. ग्लासात थोडी ओतून त्याने फिरवून दाखवली. काचेवरून थेंब तेलासारखे सावकाश उतरत होते. "मुरल्याची खूण," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि साडेचार हजारांची एक, अशा तीन बाटल्या घेतल्या.

बाटलीवर हाताने लिहिलेला कागद होता: 'गोल्ड रम, १२ वर्षं'. बस. कंपनीचं नाव, बॅच नंबर, अल्कोहोलचे टक्के, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' ही ओळ, यातलं काहीही नाही. मला तो साधेपणा आवडला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

मेव्हणा आला, बाटली उघडली. पहिल्या घोटाला व्हॅनिला. दुसऱ्या घोटालाही व्हॅनिलाच, त्यामागे गॅसवर करपलेल्या साखरेचा कडवटपणा, आणि शेवटी घशात नुसती जळजळ. मेव्हणा सभ्य माणूस, "स्मूथ आहे" म्हणाला आणि सोडा मागितला. एकेक पेग झाला. सकाळी दोघांचीही डोकी ठणकत होती.

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली. ओट्यावर रात्रीचा ग्लास तसाच होता आणि त्याच्याभोवती मुंग्यांची काळी रांग. ग्लासाच्या तळाशी उरलेली रम आटून तपकिरी, चिकट थर झाला होता, जिलबीच्या पाकासारखा. ती म्हणाली, "दारूला लागलेल्या मुंग्या आज पहिल्यांदाच बघते." मेव्हण्याने ती ओळ पाठ करून ठेवली आहे. आता येण्याआधी फोन करतो, "दाजी, मुंग्यांची शिल्लक आहे का?"

दुसरी बाटली उघडून चमचाभर बशीत ओतली. रात्रभरात तोच पाक. काचेवरून सावकाश उतरणाऱ्या थेंबांचं रहस्य निम्मं तरी तिथेच उलगडलं. साखर घातली म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही. युरोपातल्या नियमानुसारही रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि रंगासाठी कॅरॅमल घालायला तर जवळजवळ सगळीकडे परवानगी आहे. म्हणूनच रंगावरून वय ओळखता येत नाही. फेणी बिनरंगी असते, तिथे लपायला जागा नाही. रमला रंग चढवता येतो, आणि मी नेमका रंग बघून भुललो.

हिशोब मी आधीच करायला हवा होता. पिंपातली दारू दर वर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत दोनेक टक्के, आपल्या हवेत कितीतरी जास्त. वर्षाला दहा टक्के धरले तर बारा वर्षांनी पिंपात पाव भागाहून थोडीच जास्त उरते. इतकी घट सोसून कुणी ती मागच्या खोलीत हाताने लिहिलेल्या कागदावर विकेल का? वयाच्या आकड्याचंही असंच आहे. जमैका, बार्बाडोसच्या रमवर वय लिहिलेलं असेल तर ते मिश्रणातल्या सगळ्यात तरुण रमचं असतं. सोलेरा पद्धतीच्या, म्हणजे जुन्या रममध्ये नवी मिसळत राहून बनवलेल्या, काही बाटल्यांवरचा मोठा आकडा मात्र सगळ्यात म्हाताऱ्या थेंबाचा असू शकतो. आकडा कशाचा, हे लेबलवर वाचायचं. लेबलच नसेल तर तिथून उठायचं.

आमचं नशीब, डोकेदुखीवर निभावलं. बिनलेबलच्या दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असलं तर ते चवीने कळत नाही. 'पेटवून बघा, निळी ज्योत आली तर चांगली' या सल्ल्यावरही भरवसा ठेवू नका. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि मेव्हणा एक बाटली कोल्हापूरला नेणार होता! गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या नाक्यावर बिनलेबल, बिनपरवान्याची बाटली सापडली असती तर पन्नाशीचा पुढचा भाग पोलीस ठाण्यात झाला असता.

त्या माणसाचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद. अबकारी खात्यात तक्रार करायला हवी होती. केली नाही, कारण काय विकत घेतलं हे सांगताना माझंच तोंड काळं होणार होतं. तुम्ही असं करू नका.

आता परवान्याच्या दुकानातूनच घेतो, बिल मागतो. गोव्यातच बनणारी माका झाई रम आहे, सेग्रेदो आल्देया आहे. शिवाय अमृतची टू इंडीज मिळते. बाटली कोणी आणि कुठे भरली, ते छापलेलं असतं, पैसे कशाचे देतोय ते कळतं.

पावसाळ्याआधी त्या बाजूला कामासाठी गेलो होतो. खोलीचं दार उघडं होतं. आत दोन पर्यटक, पुढ्यात रॉस ऑम्लेटच्या बशा, टेबलावर लाल मेणाच्या त्याच बाटल्या. कागदावर आता '१५ वर्षं' लिहिलं होतं. तीन महिन्यांत रम तीन वर्षांनी म्हातारी झाली होती. मी दारातूनच त्या पोरांना ओरडून म्हटलं, "घ्यायच्या आधी रात्रभर बशीत ओतून ठेवा!" त्यांना काय कळलं कोण जाणे. त्याला बरोबर कळलं, कारण उठून त्याने दार लावून घेतलं.