पूरप्रवण देशांचे उपाय आणि मराठवाड्यातील नदीकाठ

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर सीना, सिंदफणा आणि मांजरेच्या काठच्या अनेक गावांना ठरवायचे आहे की नदीला भिंत मागावी, घरांची जोती उंच करावीत, की गावठाणच हलवावे. या तिन्ही उपायांची उदाहरणे पूरप्रवण देशांत सापडतात. मात्र प्रत्येक देशाच्या पुराचे कारण निराळे आहे.

बांगलादेशातून वाहणाऱ्या गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणलोट क्षेत्र देशाबाहेर असल्यामुळे पाणी अडवणे त्याच्या हाती नाही. १९९८ मध्ये सुमारे दोन तृतीयांश देश बुडाला होता. तेथील मोठ्या नद्यांचे पाणी बहुधा हळूहळू चढते, म्हणूनच नदीपात्रातील बेटांवरचे लोक मातीचा भराव टाकून उंच जोत्यांवर घरे बांधतात.

भिंतीचा आग्रह धरणारे नेदरलँड्सचे नाव घेतात. त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि १९५३ च्या सागरी पुरात तेथे १,८३६ माणसे दगावली, तेव्हा बांधांवाचून त्याला गत्यंतर नव्हते. तरीही १९९५ मध्ये नद्या फुगून सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागल्यावर त्याच देशाने नदीला जागा मोकळी करून देण्याचे धोरण स्वीकारले. नायमेखेन शहराजवळ बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला गेला, तर दुसऱ्या एका ठिकाणी शेतकऱ्यांची घरे आणि गोठे मातीच्या टेकाडांवर नेऊन शेतात पूर शिरू देण्याची सोय केली गेली. ही बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

मराठवाड्याला सर्वांत जवळचे उदाहरण पाकिस्तानचे आहे. २०२२ मध्ये एरवी कोरड्या असणाऱ्या सिंध आणि बलुचिस्तानात सरासरीच्या कित्येक पट पाऊस झाला. देशभरात १,७०० हून अधिक मृत्यू झाले आणि सिंधच्या सपाटीवर रस्ते व बांधांनीच निचरा अडवल्याने पाणी महिनोन्महिने साचून राहिले. आपल्याकडे उतार असल्याने पाणी लवकर ओसरते, पण जाताना काळी माती खरडून नेते. शिवाय भरलेल्या धरणांतून होणारा विसर्ग त्यात भर घालतो.

त्यामुळे भिंत हा शेवटचा पर्याय ठरावा, कारण ती गावाच्या बाजूने येणाऱ्या ओढ्यांचे पाणीही अडवते. गावठाण निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आत असेल तर स्थलांतर, आणि निळ्या रेषेच्या आणि लाल रेषेच्या, म्हणजे सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, दरम्यान असेल तर उंच जोते व उंच गोठा, हा पर्याय योग्य वाटतो. जेथे पूररेषा आखलेलीच नाही, तेथे ग्रामसभेने आधी जलसंपदा विभागाकडे तिचीच मागणी करावी.