फोन घरी ठेवून पळायचं म्हणून घेतलेलं घड्याळ: आठ महिन्यांचा अनुभव

माझी मागणी साधी होती. पहाटे साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पळताना कमरेच्या पट्ट्यात फोन नाचतो, आणि दुसऱ्या फेरीलाच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सुप्रभातचं गुलाब टाकतं. गाणं मध्येच दबतं, टुंग वाजतं, लय गेली. फोन घरी राहावा, कानात गाणी असावीत आणि किती पळले ते नीट मोजलं जावं, एवढंच.

आमच्या ग्रुपातले एक काका म्हणाले, "कविता राऊतने 2010 मध्ये दहा हजार मीटरला राष्ट्रकुलचं कांस्य आणि एशियाडचं रौप्य आणलं, ते काय कानात बोंडं घालून?" काकांना काय उत्तर देणार! मी पदकासाठी पळत नाही, साखर आटोक्यात राहावी म्हणून पळते, आणि गाण्याशिवाय मला चौथा किलोमीटर जात नाही.

एमजी रोडवरच्या एका दुकानात तीन हजारांचं घड्याळ पुढे आलं. "ताई, यात म्युझिक पण आहे, जीपीएस पण आहे." दोन्ही अर्धसत्य. म्युझिक म्हणजे खिशातल्या फोनवरचं गाणं मागेपुढे करण्याची बटणं, आणि जीपीएस म्हणजे फोनचंच जीपीएस उसनं घेणं. फोन घरी ठेवला की दोन्ही गायब. म्हणून खोक्यावर दोन गोष्टी शोधा: घड्याळाचं स्वतःचं जीपीएस, आणि गाणी साठवायला जागा किती जीबी. जागेचा आकडा नसेल तर ते आपलं घड्याळ नव्हे.

ॲपल वॉच घरात आयफोन नसल्यामुळे बाद. सॅमसंगची घड्याळं दिसायला देखणी, पण जवळपास रोज चार्जिंग, आणि मी चार्जिंग विसरणाऱ्यांच्या पंथातली. कोरोस कंपनीच्या घड्याळांत एमपीथ्री, म्हणजे आपल्याकडच्या गाण्यांच्या फाइली, टाकता येतात, स्पॉटिफायसारखं गाण्यांचं ॲप मात्र चालत नाही. शेवटी गार्मिनचं फोररनर 165 म्युझिक घेतलं. हे मॉडेल 2024 चं. 165 दोन प्रकारांत मिळतं आणि दोन्ही दिसायला सारखी. नावात 'म्युझिक' नसेल तर गाणी साठवता येत नाहीत. ऑनलाइन घेताना दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतं म्हणून बोट घसरायचं.

आता गाण्यांबद्दल, कारण खरे कष्ट तिथेच आहेत. जागा 4 जीबी. आकडा लहान वाटतो, पण 128 केबीपीएसच्या, म्हणजे साधारण दर्जाच्या, एमपीथ्रीला मिनिटाला साधारण 1 एमबी लागतो, म्हणजे तासाच्या कीर्तनाला साठेक एमबी. एक गाणं दोनशे वेळा ऐकणाऱ्या माझ्यासारखीला हे आयुष्यभर पुरेल. स्पॉटिफायची गाणीही उतरवता येतात, पण त्याला पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व लागतं, आणि उतरवताना घरचं वायफाय. मी यादी रात्री घड्याळ चार्जिंगला लावूनच उतरवते, नाहीतर बॅटरी तिथेच अर्धी होते.

माझा जीव एमपीथ्रीत अडकलेला. वडिलांच्या कॅसेटींवरची कीर्तनं भावाने कंप्युटरमध्ये उतरवून ठेवली आहेत. एकेका कीर्तनाचे बारा तुकडे, आणि त्यांना नावं मी दिली: भाग 1, भाग 2, असं करत भाग 12 पर्यंत. केबल लावली, फाइली टाकल्या, दुसऱ्या दिवशी मैदानावर. बुवांनी पूर्वरंगाचा अभंग घेतला, निरूपणाला हात घातला, आणि भाग 1 संपताच थेट उत्तररंगातली कथा सुरू! मला वाटलं फाइल खराब झाली. घरी येऊन पाहिलं तर यंत्राच्या हिशोबात 1 नंतर 10, मग 11, मग 12, आणि मग कुठे 2. त्या संध्याकाळी बसून सगळ्यांना 01, 02 अशी नावं दिली, गायकाच्या आणि शीर्षकाच्या रकान्यात नीट मजकूर भरला. तेव्हापासून बुवा रांगेत आहेत.

पण खरा छळ इयरफोनने केला. घरी चालताना आवाज स्वच्छ, मैदानावर मात्र दर दहा पावलांना तुटणार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर समजलं की दोष एकट्या इयरफोनचा नव्हता. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपलं शरीर म्हणजे पाण्याचा माठ. घरात भिंतींवर आपटून लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात, मोकळ्या मैदानात आपटायला काहीच नाही. माझं घड्याळ डाव्या मनगटावर, आणि त्या जोडीतलं मुख्य, घड्याळाकडून आवाज घेणारं बोंड उजव्या कानाचं. मध्ये अख्खी मी! घड्याळ उजव्या मनगटावर घातलं आणि तुटणं जवळजवळ थांबलं. नवे इयरफोन घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघा.

पुढे मी गालाच्या हाडावर टेकणारे बोन कंडक्शन हेडफोन घेतले. कान मोकळे राहतात. गंगापूर रोडवर पहाटे मागून येणारा दुधाचा टेम्पो आणि सोमेश्वरच्या बाजूची कुत्री, दोन्ही ऐकू यायला हवीत. गाण्यातला ढोलकीचा भरणा थोडा पातळ लागतो, ते चालवून घेते.

बॅटरी. कंपनी सांगते नुसतं घड्याळ म्हणून 11 दिवस, जीपीएसवर 19 तास, आणि जीपीएससोबत गाणी लावली की 7 तास. 19 आणि 7 मधली दरी बघा, गाणी किती खातात ते कळेल. मी आठवड्यातून पाच दिवस तासभर गाण्यांसह पळते, तर पाचव्या दिवशी चार्जर शोधते. रोजच्या पळण्याला भरपूर आहे. पण सहा तासांत फुल मॅरेथॉन करणाऱ्यांनी गाणी अर्ध्यातून लावावीत.

अंतर चोख. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर डोंगराच्या कुशीत नकाशावरची रेघ जराशी वाकडी जाते, तिथे कुणी वेग बघतं का? मात्र एक गंमत. उपग्रह पुढचे काही दिवस कुठे असतील याची माहिती घड्याळ फोनकडून घेऊन ठेवतं. आठवडाभर फोनशी जोडलं नाही तर उपग्रह सापडेपर्यंत मैदानाच्या गेटपाशी हात वर करून उभं राहावं लागतं, नमस्कार घालतेय असं लोकांना वाटतं. म्हणजे फोनपासून सुटायला घेतलेल्या वस्तूला दोन-तीन दिवसांनी फोन दाखवावाच लागतो.

घड्याळ मनगटावर मोजतं ते हृदयाचे ठोके थंडीत बेभरवशाचे. डिसेंबरच्या गारठ्यात पहिली दहा मिनिटं मी त्यांच्याकडे बघतच नाही. जूनच्या पावसात ओला टचस्क्रीन भलतंच काही उघडतो, पण बाजूला पाच बटणं आहेत, गाणं त्यांनीच बदलता येतं. हे बटणांचं घड्याळ घेतलं याचा आनंद पावसात होतो.

घरच्यांशी वाद झाला तो वेगळाच. आई म्हणाली, "पडलीस-बिडलीस तर कळवणार कोण?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घड्याळ स्वतःच निरोप पाठवतं. वाचून पाहिलं तर या घड्याळात सिम नाही, निरोप जातो तो जवळच्या फोनवरूनच. आई बरोबर निघाली, नेहमीप्रमाणे. आता नियम असा: मैदानावर ओळखीची शंभर माणसं असतात, तिथे फोन नाही. रविवारी मखमलाबादच्या बाजूला किंवा गंगापूर धरणाकडे लांब जायचं असेल तेव्हा फोन पट्ट्यात, डेटा बंद, गाणी घड्याळातूनच.

आणि चहा. पळून झाल्यावर सगळे टपरीवर स्कॅन करून मोकळे, मी मात्र बिनफोनाची. पहिले दोन आठवडे काकांनीच पाजला. मग मोज्यात पन्नासची नोट घडी करून ठेवू लागले. ती घामाने इतकी ओली होते की चहावाले दादा ती दोन बोटांत धरतात, किटलीच्या झाकणावर वाळत ठेवतात आणि म्हणतात, "ताई, सुट्टे नाहीत, उद्या द्या." सध्या माझे दोन चहा उधारीवर आहेत.